चाकांवरच्या घराची उंची वाढली!

मुलांनो, जुनी लाकडी बैलगाडी कधी जवळून पाहिली आहे का? मोटारीचं चाक आपल्या गुडघ्याच्या जरा वर येतं. बैलगाडीचं चाक मात्र थेट छातीला लागतं. एवढं मोठं चाक कशाला बरं केलं असेल?

याचं उत्तर चाकात नाही, वाटेत आहे. गाडीवाट म्हणजे दोन खोल चाकोऱ्या, मधे उंचवटा, त्यात धोंडे आणि मधूनच आडवा येणारा ओढा. चाक जेवढं मोठं, तेवढा त्याच्या मधोमध बसणारा आख जमिनीपासून उंच. आख उंच असला की गाडीचं पोट धोंड्याला घासत नाही. पोटाखालच्या या मोकळ्या जागेला मोटारवाले ‘ग्राउंड क्लिअरन्स’ म्हणतात. आपण आपलं ‘पोटाखालची जागा’ म्हणू.

आज सांगणार आहे ती एका घराच्या पोटाखालच्या जागेची गोष्ट. हो, घराच्याच!

माझा मावसभाऊ अमेरिकेत, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत राहतो. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. त्याच्याकडे एक ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ आहे. म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचं छोटंसं घर. लांबी १७ फूट. आत दोन पलंग, ओटा, शेगडी, बेसिन, एवढंच काय, संडाससुद्धा! फरशीखाली सांडपाण्याच्या टाक्या असतात आणि त्यांचे पाइप खाली लोंबत असतात. याला इंजिन नसतं. मोटारीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरचं तोंड बसवायचं, कुलूप लावायचं, की निघालं घर!

कारखान्यातून ही घरं बहुधा बुटकीच निघतात. त्यालाही कारण आहे. बुटक्या घरात चढायला सोपं, त्याला वारा कमी अडवतो आणि वळणावर ते डुलत नाही. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर याहून काय हवं? पण युटाच्या दक्षिणेला खरी गंमत असते ती कच्च्या रस्त्यांवर. तिथे एका खळग्यातून बाहेर पडताना दादाच्या ट्रेलरची शेपटी खर्रकन घासली आणि सांडपाण्याच्या पाइपाचं तोंड फुटलं. असं का झालं? ट्रेलरचं चाक मध्याजवळ असतं आणि त्याच्या मागे बराच भाग अधांतरी असतो. चाक खळग्यात उतरलं की ती शेपटी खाली येते आणि काठाला घासते. तेव्हा दादानं ठरवलं, घराची उंची वाढवायची.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात मी तिथे गेले, तेव्हा हे काम नेमकं सुरू होत होतं. मला मोठी उत्सुकता! घर उंच करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ट्रेलर जॅकवर उचलला, लोखंडी घोड्यांवर टेकवला आणि चाकं काढली. मग त्यांनी आम्हाला वाकून बघायला सांगितलं. दोन चाकांना जोडणारी जाड नळी म्हणजे आख, म्हणजेच एक्सल. ट्रकला असतात तसे कमानीसारखे पोलादी पाटे दोन्ही बाजूंना. ट्रेलरचा सगळा भार त्या पाट्यांवर, आणि पाट्यांचा आखावर. या ट्रेलरमध्ये पाटे आखाच्या खालून बांधलेले होते. मिस्त्री म्हणाले, “आपण ते आखाच्या वर बांधायचे. बस, एवढंच काम!”

त्यानं उंची किती वाढेल? हे गणित माझ्या बारा वर्षांच्या पुतणीनं तिथल्या तिथे केलं. आखाच्या नळीची जाडी ६० मिलिमीटर. चार पाट्यांच्या गठ्ठ्याची जाडी २५. पाटा ज्यावर बसतो त्या बैठकीचे वरखाली मिळून २४. बेरीज १०९ मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ ११ सेंटिमीटर!

“मग आखच उलटा फिरवला तर?” तिनं विचारलं. मिस्त्री हसले. आख दिसायला सरळ दिसतो, पण तो मधोमध किंचित वर उचललेला असतो, म्हणजे भार आल्यावर चाकं नीट उभी राहतात. तो उलटा केला तर चाकं वाकडी चालतील आणि टायर एका बाजूनं झिजतील. म्हणून आख होता तसाच ठेवून त्याच्या वरच्या अंगाला पाट्यांसाठी नव्या बैठका वेल्डिंग करायच्या. हे काम जाणत्या माणसाचंच. वेल्डिंग कच्चं राहिलं तर भरधाव रस्त्यावर घराची चाकंच निखळायची! पाटे बांधायचे यू-बोल्टही त्यांनी नवे कोरे घेतले. ब्रेकच्या तारा ताणल्या जाऊ नयेत म्हणून लांब केल्या.

काम संपलं. पुतणीनं टेप लावून पाइपाचं तोंड मोजलं. आधी २४ सेंटिमीटर होतं, आता ३५. ती टाळ्या पिटत म्हणाली, “आता ३५ सेंटिमीटरचा धोंडा आला तरी आपण पार!”

“थांब,” मिस्त्री म्हणाले, “आता आख मोज.”

आख भरला जमिनीपासून २९ सेंटिमीटर. तो जागचा हललाच नव्हता! लक्षात आलं का? पाटे वर घेतल्यानं आखावरचं घर उंच झालं. पण आख चाकाच्या मध्यालाच राहणार. त्याला वर न्यायचा एकच उपाय, मोठं चाक. आपल्या बैलगाडीवाल्यांचा उपाय! पुतणीनं एक लाकडी काठी घेतली आणि तिच्यावर २९ सेंटिमीटरवर काळी खूण केली. याहून उंच दगड चाकांच्या मधे आला तर थांबायचं.

उंची फुकट मिळत नाही, हेही मिस्त्रींनी सांगितलं. तुम्हीही घरी करून बघा. एका फळीवर एक काड्यापेटी आडवी ठेवा आणि दुसरी उभी. पेट्या घसरू नयेत म्हणून खाली रुमाल अंथरा. आता फळी एका बाजूनं हळूहळू उचला. उभी पेटी आधी कोलमडते की नाही? वजन जेवढं उंचावर, तेवढी वस्तू लवकर कलंडते. उंच केलेला ट्रेलर वळणावर आणि आडव्या वाऱ्यात जास्त डुलणार, म्हणून वेग कमी ठेवायचा आणि जड सामान खाली, आखाच्या जवळ ठेवायचं. मोटारीमागचा गोळाही तेवढाच वर घ्यावा लागला, नाहीतर ट्रेलर नाक खाली करून चालला असता. शिवाय पहिल्या ५० मैलांनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळायचे.

आणि मावशी? तिनं दारासमोर उभं राहून पायरीकडे पाहिलं आणि म्हणाली, “अरे, गाडी उंच केलीस, पण माझे गुडघे आहेत तेवढेच आहेत!” मग वहिनीनं एक भक्कम लाकडी पाट पायरी म्हणून बरोबर घेतला.

आम्ही पाच जण निघालो. सॉल्ट लेक सिटीपासून दक्षिणेला ब्लफ नावाचं चिमुकलं गाव सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर आहे. वाटेत मोआब लागतं आणि तिथून पुढे सगळं जगच गेरूसारखं लाल होतं. लाल माती, लाल कडे, मधेच करड्या-हिरव्या झुडपांचे ठिपके. झाड म्हणावं असं फार थोडं.

या ब्लफची कथा ऐकण्यासारखी आहे. १८७९ मध्ये मॉर्मन पंथाच्या सुमारे २५० माणसांना नवं गाव वसवायला या भागात पाठवलं. बरोबर ८३ घोडागाड्या आणि हजारावर जनावरं. प्रवास सहा आठवड्यांचा ठरला होता. पण वाटेत आडवी आली कोलोरॅडो नदी, आणि तीही खोल दरीत! कड्याला एक अरुंद भेग होती. सुरुंगाची दारू, कुदळी आणि पहारी घेऊन त्यांनी ती भेग रुंद केली. २६ जानेवारी १८८० ला गाड्या त्या भेगेतून उतरायला लागल्या. उतार इतका भयंकर, की चाकांना साखळ्या बांधून ती जखडली आणि माणसं मागून दोर धरून गाड्या रोखत होती. एका ठिकाणी तर कड्याला भोकं पाडून त्यात ओकच्या मेखा ठोकल्या, वर ओंडके आणि काटक्या रचल्या आणि हवेत लटकणारा रस्ता केला! सहा आठवड्यांचे सहा महिने झाले. ६ एप्रिल १८८० ला थकलेभागलेले लोक ब्लफला पोचले आणि तिथेच राहिले. त्या भेगेला ‘होल इन द रॉक’, म्हणजे खडकातलं भोक, असंच नाव आहे.

ब्लफमध्ये त्या काळच्या ओंडक्यांच्या खोल्या पुन्हा उभ्या केल्या आहेत. तिथल्या एका घोडागाडीपाशी मावशी एकदम थबकली. मोठाली चाकं, लाकडी आरे, लोखंडी धाव, मधे तुंबा. “अगं, ही तर आपलीच गाडी!” ती म्हणाली. मावशीचं माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. हजारो मैल दूरच्या सुतारांनीही खडबडीत वाटेवर तेच उत्तर शोधलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ‘व्हॅली ऑफ द गॉड्स’कडे वळलो. देवांची दरी! इथला रस्ता २७ किलोमीटरचा आणि सगळा कच्चा. सभोवार लाल मैदान आणि त्यातून सरळ वर उठलेले सुळके आणि बुरूज. हे खडक पंचवीस कोटी वर्षांहून जुने. पाऊस, बर्फ आणि वारा यांनी मऊ थर झिजवले, कणखर थर उभे राहिले. आपण ढगांत हत्तीघोडे बघतो ना, तशी लोकांनी या बुरुजांना नावं दिली आहेत. एक ‘बसलेली कोंबडी’, एक ‘कोंबडा’, एक ‘टबमधली बाई’, तर एके ठिकाणी ‘सात खलाशी’!

लांबलचक गाड्यांनी या रस्त्यावर शिरू नये. आमचा ट्रेलर लहान होता, तरी आम्ही चार-पाच किलोमीटरच आत जायचं ठरवलं होतं. सुरुवातीलाच एक कोरडा ओढा आडवा आला. दादा थांबला. पुतणी काठी घेऊन खाली उतरली आणि चाकं जिथून जाणार ती वाट चालत गेली. एका ठिकाणी धोंडा काळ्या खुणेच्या वर गेला. दादानं तो लोटून बाजूला केला. मग मोटार ताशी दहाच्या वेगानं ओढ्यात उतरली. मी बाहेर उभी राहून शेपटीकडे बघत होते. ट्रेलर वाकला, डुलला, चढावर आला... शेपटी आणि जमीन यांत चांगली वीतभर जागा राहिली! पुतणीनं आरोळीच ठोकली.

तिथे पाणी नाही, दिवा नाही, संडास नाही. सगळं बरोबर न्यायचं आणि कचरा परत आणायचा. आधी वापरलेल्या जागीच मुक्काम करायचा, नवी जमीन तुडवायची नाही. रात्री मावशीनं पिठलं केलं. बाहेर अंधार इतका दाट, की आकाशगंगा दुधाच्या ओघळासारखी दिसत होती.

तिसऱ्या दिवशी ट्रेलर तिथेच ठेवून आम्ही नुसत्या मोटारीनं ‘मोकी डगवे’ चढलो. पुतणीनं आधी हट्ट धरला होता, “आता आपलं घर उंच आहे, ते पण नेऊ या!” पण या घाटासाठी सल्ला स्पष्ट आहे. २८ फुटांहून लांब आणि १०,००० पौंडांहून जड, म्हणजे सुमारे साडेचार हजार किलोंवरच्या गाड्या आणू नयेत. आमचा ट्रेलर १७ फूट आणि मोटार १६ फूट. करा बेरीज! नागमोडी वळणावर इतकी लांब जोडी वळायची कशी? पोटाखाली कितीही जागा असली तरी लांबी काही कमी होत नाही.

हा घाट १९५० च्या दशकात बांधला, तो युरेनियमचं खनिज नेणाऱ्या ट्रकांसाठी. पाच किलोमीटरचा कच्चा रस्ता, सुमारे १,२०० फूट चढ. काही ठिकाणी १०० मीटर पुढे गेलं की ११ मीटर वर! माथ्यावरून सगळी देवांची दरी अंथरलेल्या गालिच्यासारखी दिसते. आमचं घर तर खडकांमागे कुठल्या कुठे हरवून गेलं होतं.

पण दादा दरीकडे बघत नव्हता. तो मागे, पठारावरच्या आभाळाकडे बघत होता. दूर काळ्या ढगांतून पावसाचे पडदे लोंबत होते. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन!

खाली येऊन चहा झाला. दादा म्हणाला, “पाऊस लांब आहे. आणखी एक रात्र राहू. गाडी उंच आहे आता, चिंता नाही.”

मावशीनं कप खाली ठेवला. “लांब कुठला? तिथलं पाणी येणार कुठे? आमच्या माणात आभाळ स्वच्छ असायचं आणि ओढा अचानक फुगून यायचा. वर कुठे तरी पडलेला असायचा. बैलगाडीची चाकं काय लहान होती? तरी गाड्या वाहून गेलेल्या मी ऐकल्यात. ओढ्याच्या पलीकडे मुक्काम आणि आभाळ काळं, तर उठायचं, गाडी जुंपायची.”

कोणीच काही बोललं नाही. पुतणी आपली काठी बघत होती. मग हळूच म्हणाली, “बाबा, ही खूण दगडासाठी आहे. पाण्यासाठी आपण खूण केलीच नाही.”

दादानं क्षणभर विचार केला आणि उठला. अर्ध्या तासात घर जुंपून झालं. सूर्य बुडता बुडता आम्ही तो कोरडा ओढा ओलांडला आणि डांबरी रस्त्यानं ब्लफला परतलो. त्या रात्री ब्लफमध्ये जेमतेम चार थेंब पडले. पुतणी पुटपुटली, “उगाच आलो!”

सकाळी आम्ही पुन्हा ओढ्यापाशी गेलो. काल जिथून काठी टेकत ती चालली होती, तिथे तांबडं, चहासारखं पाणी घोंघावत वाहत होतं. त्यात झुडपं, फांद्या, फेस. पाण्याखालून दगड गडगडत असल्याचा आवाज येत होता. पलीकडच्या उंचवट्यावर एक पिकअप गाडी थांबली होती. त्यातल्या माणसानं आम्हाला हात केला आणि खुर्ची टाकून निवांत बसला. शहाणा माणूस! पाणी ओसरेपर्यंत त्याला काही घाई नव्हती.

दादानं मग आम्हाला एक आकडा सांगितला. अमेरिकेचं हवामान खातं लोकांना बजावतं, की नुसतं ३० सेंटिमीटर वाहतं पाणी छोटी मोटार वाहून नेऊ शकतं आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या. ट्रेलर तर मोठ्या डब्यासारखा, पाण्यात उचलला जायला सोपा. आमच्या आखाची उंची किती होती? २९ सेंटिमीटर! म्हणजे जेवढ्या उंचीचा दगड आम्ही आरामात ओलांडला असता, तेवढंच पाणी आम्हाला घेऊन गेलं असतं. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता उरलाय की खचलाय, हे कुठल्या काठीला कळणार?

मग पुतणीनं ट्रेलरमधून लाल रंग आणला. काळी खूण आहे तिथेच ठेवली आणि काठीच्या अगदी टोकाला, जमिनीजवळ, दुसरी लाल खूण केली. वाहतं पाणी दिसलं, की थांबायचं. ती काठी आता ट्रेलरच्या दारामागे कायमची टांगलेली असते, मावशीच्या पाटाशेजारी.

तुम्ही राहता तिथेही हे मोजून बघता येईल. टेप किंवा फूटपट्टी घ्या आणि मोठ्यांना बरोबर घेऊन, गाडी बंद करून उभी असतानाच, मोटार, रिक्षा, जीप आणि जमल्यास बैलगाडी यांच्या पोटाखालची जागा मोजा. सर्वांत खाली काय लोंबतंय, आख की पाइप, तेही लिहा. मग पावसाळ्यात पुलावरून किंवा फरशीवरून पाणी वाहत असलं आणि कोणी म्हणालं, “आपली गाडी उंच आहे, चला, घालू या!” तर तुमची वही उघडून त्यांना आकडे दाखवा.